शिंगांचा माणूस आणि तीन वेटोळी
चिन्हांच्या चित्राकडे कसे पाहावे

गेल्या दिवाळीत उटनूरला आमच्या घरी एक चित्र आले. नात्यातली एक मुलगी हैदराबादेत शिकते. सुट्टीला येताना तिने तीन फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळून, बसमध्ये सगळी वाट हाताने धरून आणला. ओसरीत भिंतीला टेकवून ठेवला, चादर काढली आणि आम्ही सगळे फराळाच्या बशा घेऊन समोर बसलो.

चित्राच्या मधोमध मांडी घालून बसलेला एक माणूस होता. डोक्यावर सांबरासारखी फाटे फुटलेली शिंगे. चारही कोपऱ्यांत एकमेकांत गुंतलेली तीन-तीन वेटोळी. कडेने सुरुवात ना शेवट अशा दोरीच्या गाठीची चौकट. पार्श्वभूमी निळी-हिरवी, तिच्यावर सोनेरी रंग सढळ हाताने फिरवलेला. सगळा रंग जाड, ज्वारीच्या दाण्याइतका वर आलेला; हात फिरवला तर खरखर लागे.

शेजारचे आजोबा बघून हसले आणि म्हणाले, “अरे, हा तर आपला गुसाडी!”

त्यात नवल काही नव्हते. दंडारीचे दिवस होते. मोरपिसांचा भलामोठा टोप, त्यात खोवलेली शिंगे, अंगाला राख, खांद्यावर कातडे अशा वेशातले गुसाडी दोनच दिवसांपूर्वी गावातून नाचत गेले होते. पण मुलीचा चेहरा उतरला. “नाही आजोबा, हा केल्टिक देव आहे. आयर्लंडकडचा,” ती म्हणाली. मग सगळे एका सुरात म्हणाले, छान आहे. मीही म्हणालो. रात्री जेवणे झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. “मामा, खरे सांगा ना, कसे झालेय?” मी पुन्हा म्हणालो, “अगं, छान म्हटले ना! मेहनत दिसते.” सकाळी उठून पाहतो तो चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेले.

वाचकहो, त्या रात्री जे बोलायला हवे होते आणि बोललो नाही, ते या लेखात सांगायचे आहे. चित्र वाईट होते म्हणून मी गप्प बसलो असे नाही. मला बोलता आले नाही, एवढेच. आपल्या घरांतून अभंगाच्या चालीवर, कीर्तनकाराच्या उत्तररंगावर, कवितेतल्या एखाद्या शब्दावर मत द्यायला कोणी कचरत नाही. १९५६ साली राज्यांची भाषावार वाटणी झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेलुगू, उर्दू आणि गोंडीच्या शेजारी आपली मराठी राखायची म्हणून आपण कान तयार केला. डोळा तयार करायचा राहून गेला. चित्र समोर आले की आपण एक तर किंमत विचारतो, नाही तर “यात काय दाखवलेय?” असे विचारतो. चिन्हांच्या चित्राला हा दुसरा प्रश्न सर्वांत आधी विचारला की गाडी रुळावरून घसरते. तो विचारायचाच, पण थोडा उशिरा.

आधी पृष्ठभाग पाहावा. चित्र कशाचे आहे हे क्षणभर विसरावे, खोलीतला दिवा मालवावा आणि एका बाजूने, अगदी भिंतीलगत, टॉर्चचा उजेड टाकावा. जाड रंगाच्या चित्राचे खरे-खोटे अशा आडव्या उजेडात कळते. उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि हात कुठे विचार करत होता, कुठे नुसता फिरत होता, ते दिसू लागते.

अ‍ॅक्रिलिकची जात समजून घेतली तर हे पाहणे सोपे जाते. ट्यूबमधला हा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यात मिसळलेले रंगद्रव्य. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा तयार होतो. तैलरंग वाळायला दिवस, कधी आठवडे घेतो. हा तासाभरात हाताला लागेनासा होतो. त्यामुळे एकावर एक थर लगेच चढवता येतात. त्यात मॉडेलिंग पेस्ट, वाळू, संगमरवराची पूड, कापडाचे तुकडे, सुतळी असे काहीही मिसळून पृष्ठभाग उंच करता येतो. काही जण भिंतीची पुट्टीही वापरतात. ती कडक होते, पण कॅनव्हास लवतो आणि पुट्टी लवत नाही, म्हणून पुढे तडकते.

आपल्या हवेचाही यात हात आहे. साधारण दहा अंश सेल्सियसच्या खाली अ‍ॅक्रिलिकचे कण एकमेकांना नीट चिकटत नाहीत. पाणी उडते, पण पापुद्रा कच्चा राहतो. आपल्या जिल्ह्यात पौषातल्या रात्री पारा त्याहून खाली जातो, म्हणून थंडीत उघड्या ओसरीवर रात्री रंगवू नये. जाड थर एकदम दिला तर वरचा भाग आधी वाळून आकसतो आणि आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. उन्हाळ्यात उलटा प्रकार होतो. पापुद्रा मऊ पडतो, धूळ धरतो, आणि दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर चिकटून बसतात. पुस्तकांतून ही माहिती असते, पण ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली असतात, तेव्हा त्यातली उन्हाळ्याची बाजू आपल्याला स्वतःच ध्यानात ठेवावी लागते.

हे झाले साहित्य. आता त्याचा न्याय कसा करायचा? माझी कसोटी साधी आहे: हा पोत कामातून आला की वरून लावला? सारवलेली जमीन आठवा. शेणकाल्यावर बोटांच्या कमानी उमटलेल्या असतात. त्या कोणी नक्षी म्हणून काढल्या नाहीत. बाई जिथे बसली तिथून तिचा हात जितका पोहोचला तितकीच ती कमान. पुढे सरकली की दुसरी. जमीन पाहून हात दिसतो. आता दुसरे उदाहरण घ्या, तेही आपल्याच भागातले. उशेगावचे वोज किंवा ओझा कारागीर पितळेचे जे ढोकरा काम करतात, त्यावर बारीक वेटोळी आणि दोऱ्यांसारख्या रेषा असतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचा दोरा गुंडाळत नेतात, त्यावर पुन्हा माती लावून भाजतात, मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत तापलेला धातू उतरतो. म्हणजे पितळेवरची ती वेटोळी हा मेणाच्या दोऱ्याचा माग आहे. दोरा गुंडाळायचाच म्हटल्यावर वेटोळे आपोआप येते. या कामाला ‘आदिलाबाद ढोकरा’ म्हणून २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्यापैकी कितींच्या घरात त्यातला एखादा दिवा किंवा मूर्ती असेल, पण त्यावरचे वेटोळे तिथे का आहे असे आपण कधी विचारले नसेल. मीही विचारले नव्हते.

आता मुलीच्या चित्राकडे या. तिच्या चित्रात पोत सगळीकडे सारखा होता. माणसाचा चेहरा, शिंगे, आकाश, चौकट, सर्वत्र तीच पेस्ट, तीच जाडी, तोच पॅलेट नाइफचा फटका. जेवणात प्रत्येक पदार्थाला तीच फोडणी द्यावी तसे. जाडीला अर्थ येतो तो पातळाच्या शेजारी. चेहरा गुळगुळीत ठेवून शिंगेच तेवढी उंच केली असती, तर डोळा आपोआप कपाळावरून वर चढला असता. सोनेरी रंगाचेही तेच. निर्मलची चित्रे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यातले सोनेरी उठून दिसते, कारण त्यामागे गडद जमीन असते आणि सोनेरी जागा मोजक्या असतात. इथे सोनेरी इतके होते की ते पिवळे वाटू लागले.

पृष्ठभाग पाहून झाला की मग चिन्हांकडे वळावे, आणि वळताना थोडी चौकशी करावी. तिने ज्यांना केल्टिक म्हटले त्या तिन्ही गोष्टींची कुळकथा वेगवेगळी आहे. एकात एक गुंतलेली तीन वेटोळी आयर्लंडातल्या न्यूग्रेंज इथल्या शिळांवर कोरलेली आहेत. ती वास्तू सुमारे इसवी सनपूर्व ३२०० मधली. मकरसंक्रांतीच्या तीनेक आठवडे आधी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, सूर्योदयाचा किरण तिच्या लांब बोळातून आत शिरतो. केल्ट म्हणून ओळखले जाणारे लोक आणि त्यांची कला त्यानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने येते. म्हणजे या वेटोळ्यांना केल्टिक म्हणणे हे हडप्पाच्या मुद्रेला मराठी म्हणण्यासारखे आहे. त्यांच्या मातीत सापडली हे खरे. पण कोरणारे दुसरेच.

गाठींची चौकट त्याच्या उलट फार अलीकडची. तिचे सर्वांत देखणे रूप ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखितात आहे. ते इसवी सन ८०० च्या सुमाराचे, ख्रिस्ती साधूंनी लिहिलेले, आणि आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. दोरीची अशी गुंफण रोमन फरशांवर आणि जर्मन लोकांच्या धातुकामातही होती. आयरिश साधूंनी ती पराकोटीला नेली. ‘ही गाठ म्हणजे अनंत प्रेम, ती गाठ म्हणजे मैत्री’ असे जे तक्ते दागिन्यांच्या दुकानांत मिळतात, ती अलीकडची भर आहे.

आणि शिंगांचा माणूस? तो आयर्लंडचा नाही. डेन्मार्कमधल्या एका दलदलीत १८९१ साली चांदीचे एक मोठे पात्र सापडले. गुंडेस्ट्रपचे पात्र म्हणतात त्याला. त्याच्या एका पत्र्यावर पाय दुमडून बसलेला, फाटे फुटलेल्या शिंगांचा पुरुष आहे. एका हातात गळ्यातले कडे, दुसऱ्या हातात मेंढ्याच्या डोक्याचा साप, भोवती जनावरे. त्याला केर्नुन्नोस म्हणतात, पण ते नाव त्या पात्रावर नाही. पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चखाली १७१० साली सापडलेल्या एका स्तंभावर शिंगे असलेल्या दुसऱ्याच मूर्तीच्या वर ते कोरलेले आहे. पात्रावर हत्तीही आहेत, आणि ते पूर्वेकडच्या थ्रेसमधल्या कारागिरांनी घडवले असावे असे बरेच अभ्यासक मानतात. मोहेंजोदडोच्या शिंगवाल्या मुद्रेशी त्याची तुलना तर कितीदा झाली आहे.

हे सगळे मी तिला चूक दाखवायला सांगत नाही. या चौकशीने आजोबांच्या शेऱ्याचे वजन बदलते, म्हणून सांगतो. शिंगे असलेला बसलेला पुरुष युरोपात, सिंधूकाठी आणि इतरत्रही माणसांना सुचत आला आहे. उटनूरच्या माणसाला त्यात गुसाडी दिसला, तर तो अडाणीपणा नव्हे. त्याने शिंगे चालताना, घामाघूम होऊन नाचताना पाहिली आहेत. त्याच्या लेखी ते चिन्ह जिवंत आहे. मर्लवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती या गुसाडी नृत्यासाठीच. चित्रातल्या माणसाने मात्र शिंगे नुसती घातली होती. ती जड आहेत, मान अवघडते, टोप सांभाळत नाचावे लागते, यातले काहीच त्याच्या खांद्यांत उतरले नव्हते. आजोबांचा शेरा खरे तर त्या दिवशीची एकमेव समीक्षा होती, आणि आम्ही ती हसण्यावारी नेली.

चिन्ह जिवंत असणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढतात. गौर, कासव, शंख, चक्र, गोपद्म, सूर्य-चंद्र. ज्या आजीने ते साठ वर्षे काढले, तिला कासवाचा अर्थ विचारा, ती म्हणेल, “आधी गौर बसवायची, मग बाजूला कासव.” ती क्रम सांगते, अर्थ सांगत नाही, कारण तिच्या हातात तो क्रमच अर्थ होऊन बसला आहे. तेच चैत्रांगण स्टिकर करून दारात चिकटवले, तर आकृत्या त्याच असतात, पण ठिपका चुकला म्हणून पुसून पुन्हा काढणे त्यात नसते.

मग चित्रकाराने उसनी चिन्हे घेऊच नयेत का? इथे एका मराठी चित्रकाराचे उदाहरण फार उपयोगी पडते. प्रभाकर बरवे, जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली आणि साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात ते बनारसला होते. तिथे तंत्रातल्या आकृत्यांनी त्यांना पकडले. यंत्रांचे त्रिकोण, वर्तुळे, गडद रंग त्यांच्या चित्रांत आले. त्या काळी तांत्रिक चिन्हांना देशात आणि परदेशातही चांगली मागणी होती. तिथेच थांबले असते तर सोयीचे झाले असते. ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षांत त्यांच्या कॅनव्हासवर पान, घड्याळ, फळ, शंख अशा रोजच्या वस्तू येऊ लागल्या, मोकळ्या जागेत एकमेकांपासून अंतर राखून ठेवलेल्या. यंत्राने त्यांना जे शिकवले, म्हणजे रिकाम्या जागेत एक आकार कुठे ठेवला की तो मंत्रासारखा घुमतो, ते त्यांनी ठेवले आणि यंत्राची आकृती सोडून दिली. गंमत अशी की ते बहुधा एनॅमल रंग वापरत, आपण दाराला लावतो त्या जातीचा, सपाट आणि गुळगुळीत. गूढ दाखवायला खरखरीत पोतच लागतो, ही समजूत बरव्यांची चित्रे पाहिली की गळून पडते. १९९० साली त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ निघाले. चित्रकाराने स्वतःच्या विचारप्रक्रियेवर मराठीत लिहिलेले इतके नितळ पुस्तक मला दुसरे माहीत नाही. ते १९९५ साली गेले. आपल्या संग्रहात हे पुस्तक नसेल तर आणावे, ही जाता जाता सूचना.

सय्यद हैदर रझांचेही थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या बाजूचे. मंडला जिल्ह्यातल्या जंगलात वाढले, नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबई आणि १९५० नंतर फ्रान्स. चित्त थाऱ्यावर यावे म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याच्याकडे बघत बसवले, ही गोष्ट ते स्वतः सांगत. पण तो ठिपका बिंदू होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी यायला सत्तरीचे दशक सरत आले. मधली तीसेक वर्षे त्यांनी फ्रान्समधली गावे, झाडे आणि रात्री रंगवल्या. साठीच्या दशकात तैलरंगाकडून अ‍ॅक्रिलिककडे वळले. बिंदू आला तो एवढ्या रंगकामावर येऊन बसला. माझे मत विचाराल तर शेवटच्या वर्षांतले त्यांचे काही बिंदू मला सरावाचे वाटतात, आणि हे म्हणायलाही हरकत नसावी.

आता एक धोका. आजोबांचा शेरा ऐकून कोणी त्या मुलीला सल्ला देईल: केल्टिक काढून टाक, गोंड घाल. हा सल्ला मला तितकासा मानवत नाही. ‘गोंड चित्रकला’ म्हणून शहरांत जे दिसते, ठिपके आणि बारीक रेघांनी भरलेली हरणे नि झाडे, ते मंडलाकडच्या परधान घराण्यांतून, ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनात जनगढ सिंह श्याम यांच्या हातून आकाराला आले. ती शैली एका माणसाच्या प्रतिभेतून निघाली. आपल्या राज गोंडांची दंडारी आणि केसलापूरचा नागोबा यांचा पसारा वेगळा. उटनूरला राहतो म्हणून ती शैली आपली होत नाही, आणि गुसाडीही आपला होत नाही. आपण त्याचे शेजारी आहोत. शेजाऱ्याने जे रोज पाहिले ते रंगवावे: ओसरीवरून दिसणारा गुसाडी, दुरून, दारातून येणाऱ्या उजेडात. त्या अंतरासकट रंगवला तर ते चित्र खोटे होणार नाही.

शेवटी त्या चित्रात मला खरोखर काय आवडले ते सांगितले पाहिजे, कारण दोष मोजून थांबणे हीसुद्धा ‘छान आहे’सारखीच पळवाट आहे. खाली डाव्या कोपऱ्यात, वेटोळ्यांच्या बाजूला, पेस्ट ओली असताना तिने केसांचा कंगवा ओढला होता. बहुधा तिथे ती कंटाळली असावी किंवा सोनेरी संपले असावे. त्या पट्ट्यात निळ्यावर तपकिरी रंग पातळ चढला होता, दात्यांच्या खोबणीत निळा तसाच राहिला होता, आणि कंगवा जिथे वळला तिथे वेटोळ्याची सुरुवात आपोआप झाली होती. टॉर्चच्या उजेडात तो तुकडा नांगरटीसारखा दिसला. मेणाच्या दोऱ्याचे वेटोळे जसे येते, तसेच ते आले होते.

मी हे सगळे तिला पत्राने कळवले. पोतात चढउतार आण, सोनेरी निम्म्याहून कमी कर, कोपऱ्यांतल्या चार वेटोळ्यांपैकी तीन झाकून बघ, गाठींच्या चौकटीवर कागद धर आणि तिच्यावाचून चित्राचे काही अडते का ते पाहा, शिंगे घालून बसणाऱ्याची मान कशी होईल ते आरशात बसून बघ. आणि डावा कोपरा ठेव.

आठवडाभर उत्तर नाही. मला वाटले, दुखावली. मग फोन आला. “मामा, डावा कोपरा म्हणजे नक्की कुठपर्यंत?” चित्र अजून आमच्याच घरी होते. मी उठलो, ते भिंतीकडून वळवले आणि वीत लावून मोजले. खालून दीड वीत, कडेपासून एक वीत आणि चार बोटे.